‘ह्यांचा आवाज’ नावाचं फोल्डर

फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडायची नाही, हे मी नागपूरच्या एका तंत्रनिकेतनात उभी हयात पोरांच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं. कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत मी शिकवायची. दोन शब्द हवेच असतील तर मधे आडवी रेघ घाला, नाहीतर जोडून लिहा; जागा सोडली तर मी प्रॅक्टिकल तपासणार नाही, असा माझा कायदा. रडणाऱ्या मुलींनाही मी कधी सूट दिली नाही. आणि ज्या दिवशी मला स्वतःला कॉम्प्युटरवर खरोखर गरजेचं काम करायचं होतं, त्या दिवशी मी फोल्डरला नाव देताना मधे मोकळी जागा सोडली. सोडली ती सोडली, वर अख्खा महिना साऱ्या जगाला शिव्या घालत बसले.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे नुकतीच साठी ओलांडली होती, आणि साठीत माणसाला वाटतं की आता आपल्याला सगळं कळतं. त्या बाईला आज समोर उभी करून टपली मारावीशी वाटते.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारीला कॉम्प्युटरचं भूत लागलं.

हे, म्हणजे माझे यजमान, सावनेरकडच्या कोळसा खाणीत फोरमन होते. तिथे यंत्रांच्या आवाजावरून ओरडायची सवय, ती घरीही सुटली नाही. ह्यांनी “भाजी वाढ” म्हटलं की शेजारीण वाटी घेऊन येते की काय असं वाटायचं. आणि तोंडात सदा खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून जो लगदा होतो, तो. आमच्या गावात त्याला व्यसन म्हणत नाहीत, पाहुणचार म्हणतात. मी तर मैत्रिणींत मिरवायची, “आमचे हे दारूला शिवत नाहीत हो, नुसता खर्रा.” नुसता! ही माझी अक्कल, आणि ही बाई मुलांना तर्कशास्त्राचे धडे द्यायची.

नुसत्या खर्र्याने ह्यांचा गळा खाल्ला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. माणूस वाचला, आवाज गेला. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र तिथे दाखवलं होतं. ह्यांनी एकदा लावून पाहिलं, स्वतःच दचकले, आणि ते जे कपाटात गेलं ते गेलंच.

मग पुण्याला असलेल्या आमच्या मुलाने ह्यांच्या मोबाइलमध्ये एक सोय करून दिली. आपण टाइप करायचं, मोबाइल वाचून दाखवतो. वाचणारी होती एक मुलगी. बातम्या देणाऱ्या मुलींसारखा गोड, धुतलेला, इस्त्री केलेला आवाज. हे बिचारे एका बोटाने टाइप करायचे आणि ती वाचायची. घरात चालून गेलं.

नंतर धाकट्या दिरांच्या मुलीचा साखरपुडा आला. हॉलमध्ये दोन्हीकडची मंडळी बसलेली, लग्नाची तारीख चाललेली, आणि सगळे मे महिन्यावर येऊन ठेपलेले. हे घरातले सगळ्यात मोठे. ह्यांनी मोबाइल काढला, कपाळाला आठ्या घालून टाइप केलं, आवाज मोठा केला आणि बटण दाबलं. ती मुलगी लाडालाडाने म्हणाली, “मे महिन्यात लग्न काहून ठेवून राहिले बे? वऱ्हाड काय उन्हात मराले आणता?”

त्यातला तो “बे” तिने असा काही म्हटला, जणू गजरा माळत होती. हॉल फुटला. वराकडचे हसले, आचारी हसले, दीर डोळे पुसून पुसून हसले. “दादा, वयनी कुठून आणली ही नवी!” असं कुणी तरी ओरडलं. मीही हसले. पदर तोंडाला लावून हसले, पण ह्यांनी पाहिलं.

ह्यांनी मोबाइल खिशात ठेवला. त्यानंतर त्यातून एक शब्द निघाला नाही. चहा हवा असला की टाळी. पंखा बंद करायचा तर टाळी आणि वर बोट. बाकी काहीच सांगायचं नाही, कशावरच मत नाही. लग्न मे महिन्यातच झालं, आणि हे गेले नाहीत. ज्या माणसाच्या आधी त्याचं भांडण पानठेल्यावरून घरी पोचायचं, तो भिंतीकडे पाहत बसायला लागला.

म्हणून मी कंबर कसली. मला ह्यांना परत भांडताना ऐकायचं होतं.

शोधता शोधता एक फुकटचा प्रोग्राम मिळाला. आवाज पुरुषी, खरखरीत, आणि मुख्य म्हणजे शब्द कसे उच्चारायचे त्याचे नियम आपल्या हाताने बदलता येणारे. “करून राहिलो” ते “करून राहिलो”सारखंच म्हणेल, लाडात येणार नाही. अडचण एकच. जो तयार मिळत होता त्यात मराठी धड नव्हती. मराठी सुधारलेला नवा होता तो फक्त सोर्सच्या रूपात, म्हणजे माणसांनी लिहिलेला मजकूर तसाच्या तसा. तो आपण आपल्या मशीनवर कंपायलरच्या हवाली करायचा, मग कंपायलर त्याचा मशीनला कळणारा प्रोग्राम बांधून देतो. बाजारातून तिखटाची पुडी आणणं वेगळं, आणि भिवापूरच्या मिरच्या आणून, गच्चीवर वाळवून, देठ खुडून, कांडपाच्या मशीनपाशी स्वतः उभं राहणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तिखट चांगलं होतं, पण नाकाडोळ्यांचं काही खरं नाही.

पहिलं काम, फोल्डर. इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? ह्यांचं नाव इंग्रजी अक्षरांत टाइप केलं असतं. छोटं, सुटसुटीत नाव आहे. पण माझा हात काही चालेना. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. सासूबाईंनी बजावलं होतं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. मी पदविकाधारक, विज्ञाननिष्ठ वगैरे वगैरे. पण दवाखान्यातून नुकता परत आणलेला माणूस आहे, कशाला विषाची परीक्षा, म्हणून मी मराठीत टाइप केलं: ‘ह्यांचा आवाज’. मधे जागा. इतकं सहज टाइप झालं की बोटांनाही कळलं नाही.

आणि आपण कंपायलरपुढे बसलो.

दुपारी कूलर घरघरत होता, हे पलीकडच्या खोलीत भिंत बघत होते. मी आज्ञा दिली. स्क्रीनवर ओळी धावल्या आणि थांबल्या. ‘फेटल एरर’. अमुक नावाची फाइल सापडत नाही. फेटल म्हणे! प्राणघातक! अगं बये, प्राणघातक काय असतं ते मी रामदासपेठेत बघून आले. तुझी एक फाइल सापडत नाही, ती शोध, गप्प बस.

ही फाइल म्हणजे आवाजाच्या यंत्रणेची ओळख करून देणारी. कुठली कामं कोणत्या नावाने सांगायची, ते त्यात लिहिलेलं असतं. त्यासाठी एक वेगळा गठ्ठा उतरवून घ्यावा लागतो. मला हे माहीत होतं. मी हे शिकवलेलं आहे. पण रागात माणूस शिकवलेलं विसरतो. मी काय केलं, तर त्या नावाची एक कोरी फाइल तयार करून तिथे ठेवून दिली. घे, मागत होतीस ना? माझ्या वर्गात एका मुलाने हे केलं होतं, तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “वरात दारात आली अन् नवरदेव नाही, तर घोड्यावर गादी बसवून पाठवशील का रे?” मी गादी बसवून पाठवली.

कंपायलर पुढे सरकला. मी मांडीवर थाप मारली. पुढच्याच क्षणी लाल ओळींचा असा पूर आला की वर काय होतं ते दिसेना. हे नाव माहीत नाही, ते नाव माहीत नाही, ही वस्तू कोण, ती वस्तू कुठली. मी तळाची ओळ वाचायची, ती दुरुस्त करायला जायची, आणखी बिघडवायची. तळाची ओळ वाचणं हाही गाढवपणाच. कंपायलर एकदा अडखळला की पुढे जे बरळतो त्याला अर्थ नसतो. पहिली चूक वाचायची, ती नीट करायची, पुन्हा चालवायचं. हेसुद्धा मी फळ्यावर लिहून ठेवायची. फळा तिकडेच राहिला, निवृत्तीत घरी आली ती फक्त छत्री.

शेवटी झक मारत ती कोरी फाइल उडवली आणि खरा गठ्ठा उतरवला.

मधल्या काळात मी मुलाला फोन केला होता. तो सॉफ्टवेअरमध्येच आहे.

“आई, आजकाल सोर्समधून कोण बिल्ड करतं गं?”

“मग तुले पगार कशाचा देतात?”

“मी मीटिंग घेतो.”

“कशाच्या?”

“ते... सोड ना. मी बाबांना नवीन फोन पाठवतो. त्यात पुरुषाचा आवाज पण आहे, एकदम प्रोफेशनल.”

“तुया बापाने कधी प्रोफेशनल बोललं होतं का?”

“आई, तू उगाच त्रास करून घेऊन राहिली.” तो चिडला की अजून नागपुरी होतो, तेवढं एक बरं आहे.

“त्रास मी करून नाही राहिली, तो कंपायलर करून राहिला!” मी फोन आपटला. आपटायला मोबाइल बरा नाही, समाधान होत नाही.

त्याच्यावर तरी काय चिडायचं. ज्याला त्याला नवीन आणून जुनं गप्प करायचं असतं. बाबांचा आवाज गेला? हा घ्या दुसरा. तो कुणाचा, हे विचारायला वेळ कुणाला आहे.

मग मी इंटरनेटवर, जिथे लोक आपापली दुखणी मांडतात, तिथे प्रश्न टाकला. लगेच उत्तर आलं, “भाई, पहले डॉक्युमेंटेशन पढ़ो.” मी लिहिलं, मी भाई नाही, तुझ्या आजीच्या वयाची आहे. तो म्हणाला, “सॉरी आंटी. पहले डॉक्युमेंटेशन पढ़ो.” मी वाचलेलं होतं. त्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलं होतं की हे काम सोपं आहे. ज्याने लिहिलं त्याच्या घरी सोपं असेल! माझा लॅपटॉप चुलीसारखा तापला होता, दुपारी वीज गेली होती, आणि पलीकडच्या खोलीतून टाळी ऐकू येत होती.

ती टाळी ऐकून माझं डोकं सणकायचं. चहा नेऊन द्यायची तेव्हा कप असा ठेवायची की बशीत सांडायचा. हे माझ्याकडे बघायचे, आणि परत भिंतीकडे. बोलता येत असतं तर म्हणाले असते, चहा देऊन राहिली का दगड मारून राहिली? तेवढं एक वाक्य ऐकण्यासाठी मी तिकडे मशीनशी कुस्ती खेळत होते, आणि त्या माणसाला ते सांगायची सोय नव्हती. मी सांगितलं असतं तर ह्यांनी बोट हलवून ‘नको’ म्हटलं असतं.

खरा गठ्ठा आल्यावर प्रोग्राम बांधला गेला. एक चूक नाही. मी देवापुढे साखर ठेवायला उठले, तेवढ्यात शेवटची पायरी अडली. शेवटी मराठी उच्चारांचे नियम बांधायचे असतात, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. तिथे तो म्हणे, नियमांची फाइल सापडत नाही.

आता ही फाइल मी स्वतः लिहिलेली. आमच्या घरचे शब्द एकेक करून त्यात घातलेले. फोल्डर उघडून पाहिलं, तर फाइल समोर. परत चालवलं. सापडत नाही. परत उघडलं. ही काय समोर! “आंधळ्या!” मी ओरडले. “हे काय आहे मग? तुया समोर आहे ना!” फाइलचं नाव बदललं. सापडत नाही. दुसरीकडे प्रत ठेवली. सापडत नाही. परवानग्या बदलल्या, सारं पुसून पहिल्यापासून बांधलं, अख्खा प्रोग्राम बांधायचा आणि त्याच दारात येऊन डोकं आपटायचं. दिवसच्या दिवस. मी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना शिव्या दिल्या, लॅपटॉप विकणाऱ्याला दिल्या, वीज मंडळाला दिल्या, खर्र्याला दिल्या. खर्रा घोटून देणाऱ्या पानठेलेवाल्याला तर अशा दिल्या की सासूबाई असत्या तर त्यांनी माझी तोंडभरून तारीफ केली असती.

शेवटी एका दुपारी चिडून मी ती एररची ओळ मोठ्याने वाचायला लागले, जसा बेशिस्त मुलाला त्याचाच निबंध वाचून दाखवावा तसा. शब्दन् शब्द, अवतरणचिन्हासकट. सापडत नाही ते काय, तर माझ्या मूळ फोल्डरमधलं ‘ह्यांचा’. बस, एवढंच. ‘आवाज’ नाही, पुढे फाइलचं नाव नाही. तो ‘ह्यांचा’ नावाची वस्तू शोधत होता. मधे जागा दिसली, तिथे पत्ता संपला असं समजून तो तिथेच थांबत होता, आणि ‘ह्यांचा’ नावाचं माझ्याकडे काहीही नव्हतं.

मी इतके दिवस ‘सापडत नाही’ एवढंच वाचत होते. काय सापडत नाही, हे वाचलंच नव्हतं.

कुणी बघत नाही ना, म्हणून मी आधी दाराकडे पाहिलं. मग एकटीच शरमेने लाल झाले. किती पोरांची प्रॅक्टिकलं मी परत पाठवली असतील याच एका कारणावरून! त्यांच्यातली कुणी हे वाचत असेल तर तिला आज हसायची परवानगी आहे, पण थोडंच हस.

आता मधे एक आडवी रेघ टाकली की काम भागत होतं. हात रेघेच्या बटणावर गेलाही. आणि मग मला असा राग आला, असा राग आला, की सांगायची सोय नाही. कुठल्या भीतीने मी ह्यांचं नाव टाळलं? उखाण्यानंतर मी कधी नाव घेतलं नाही, एकदाही नाही. दवाखान्यात नर्सने पेशंटचं नाव विचारलं तर मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं होतं, आणि ह्यांनाच ते फुटक्या आवाजात सांगावं लागलं होतं. तो त्या आवाजाचा शेवटचा आठवडा. नाव न घेऊन मी काय वाचवलं? आयुष्य कमी करायचं काम खर्रा करत होता आणि मी तोंड मिटून पत्नीधर्म पाळत होते. जुन्या बायांनी तंबाखूच्या पन्नीचं नाव घेऊ नका म्हणायचं सोडून नवऱ्याचं घेऊ नका म्हटलं. मी रेघ टाकली नाही. ‘ह्यांचा आवाज’ पुसलं आणि ह्यांचं नाव टाइप केलं. एकेक अक्षर, जोरात, बटणं बसतील अशी. एंटर.

बांधून झालं. शेवटची पायरीही झाली. एकही लाल ओळ नाही.

मी आवाजाची पट्टी खाली आणली, वेग कमी केला. तो आवाज काही ह्यांचा नव्हता, उगाच खोटं कशाला सांगू. टिनाच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा होता. पण बाप्याचा होता आणि लाडात येत नव्हता.

लॅपटॉप उचलून मी पलीकडे गेले आणि ह्यांच्या मांडीवर ठेवला. “लिहा,” म्हटलं. ह्यांनी तो हळूच उचलून पलंगावर बाजूला ठेवला. मी परत मांडीवर ठेवला. ह्यांनी परत बाजूला ठेवला.

मग माझा तोल गेला.

“लिहा जी!” मी ओरडले. “महिनाभर मी त्या मशीनची शिवीगाळ खाल्ली, ते काय टाळ्या ऐकाले? मी हसली होती ना हॉलमध्ये? हसली! मंग मले झापा! भावाले झापा! लग्न मे महिन्यात ठेवलं म्हणून साऱ्याले झापा! ही पोरगी नाही बोलत आता, हा बाप्या बोलते! काहून गप बसून राहिले? माणूस हाये का भिंत हाये? बोला ना!”

माझा घसा बसला. कूलरच्या पलीकडे शेजारणीची खिडकी उघडल्याचं मला कळलं, पण मी हलले नाही.

 ह्यांनी लॅपटॉप ओढला, चष्मा सरळ केला आणि एका बोटाने टाइप करायला लागले. मधेच पुसलं. परत केलं. मी वाकून बघायला गेले तर हाताने मला मागे ढकललं. मग एंटर दाबलं, आणि तो टिनाचा डबा म्हणाला:

“हळू बोल वं. आवाज गेला माहा, कान नाही गेले. ऑपरेशन झालं तवापासून सारे मायावर बहिऱ्यावानी वरडून राहिले. अन् सर्वायपेक्षा जास्त तू.”